परमुलखातली दाढ

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. मास्तरांच्या घरात मात्र दोन पिढ्या दात कोरूनच चूल पेटत होती. आधी त्यांचे वडील कवळ्या करायचे, मग मास्तर. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. पण शहरातले निम्मेअधिक दातांचे कारागीर त्यांच्या हाताखालून गेले होते, म्हणून जो तो त्यांना मास्तर म्हणायचा. पुढे पुढे त्यांची बायकोही रागावली की "अहो मास्तर" म्हणायला लागली, आणि रागावण्याचं प्रमाण बरंच असल्यामुळे घरातही तेच नाव रूढ झालं.

कारखाना घराच्या खालच्याच मजल्यावर होता. पुढच्या खोलीत प्लास्टरने पांढरेफटक पडलेले ओटे, भिंतीवर खणाखणांत मांडलेले जबड्यांचे साचे, मागच्या खोलीत भट्टी. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप पाठवायचे, मास्तर त्यावरून मेणाचा दात कोरायचे, मेणाच्या जागी धातू किंवा चिनी माती यायची, आणि तो दात कुणाच्या तरी तोंडात जाऊन बसायचा. मास्तरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. पण रस्त्यात कुणी हसलं की ते बायकोला हळूच सांगायचे, "वरचा डावा सुळा आपला."

सून घरात आली आणि कारखान्याची रीत पालटली. लग्नाआधी ती पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांचे आराखडे कॉम्प्युटरवर काढायची. इथे आल्यावर थोडे दिवस ती गुपचूप बघत राहिली, आणि मग एकदा जेवताना नवऱ्याला म्हणाली, "दात म्हणजे पंपच की. एक भाग दुसऱ्यात नीट बसला पाहिजे, आणि रोज वापरून झिजला तरी चालला पाहिजे." तिने दातांच्या आराखड्यांचं रीतसर शिक्षण घेतलं. मुलाने गिऱ्हाइकं आणि पत्रव्यवहार अंगावर घेतला. बघता बघता पुढच्या खोलीची एक अख्खी भिंत पडद्यांनी भरली.

काम यायचं समुद्रापलीकडच्या एका देशातून. तिकडचे डॉक्टर बोटाएवढ्या कॅमेऱ्याने रोग्याचं तोंड आतून टिपायचे. ते चित्र तारेवरून इकडे यायचं. सून आणि तिच्या हाताखालची पाच जणं त्यावरून पडद्यावर दाढ घडवायची, आणि घडवलेली दाढ तारेवरूनच परत जायची. तिकडचं यंत्र ती चिनी मातीच्या ठोकळ्यातून कापून काढायचं. ना पेटी, ना टपाल, ना बंदरावरचा शिक्का. मास्तरांची बायको म्हणायची, "आपण दात विकतो, आणि घरातून एकही दात बाहेर जाताना दिसत नाही. हा धंदा म्हणायचा की जादूटोणा?"

मास्तर खिडकीजवळच्या ओट्यावर सरकले. जुनी म्हातारी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे कवळी सैल झाली, टोचते, हसताना टकटक वाजते म्हणून यायची. तेवढं ते बघायचे. पडद्यावरचं काम त्यांना काम वाटायचंच नाही. ज्याने हात मळत नाहीत ते कसलं काम? एकदा सुनेने मोठ्या हौसेने त्यांना बोलावून एक दाढ दाखवली. चारी बाजूंनी फिरवली, वरून दाखवली, खालून दाखवली. मास्तरांनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "छान आहे चित्र."

चित्र हा शब्द सुनेला लागला. तिने पुन्हा कधी बोलावलं नाही.

अशी बरी चार-पाच वर्षं गेली. मग एका सकाळी तिकडची एक डॉक्टरीणबाई पडद्यावर आली. सुरुवातीपासूनची गिऱ्हाईक, मोकळ्या स्वभावाची. त्या दिवशी मात्र ती शब्द चाचपत बोलत होती. सून ऐकत राहिली, शेवटी "कळलं, तुमचा काही दोष नाही" म्हणाली, आणि बोलणं संपल्यावर खुर्चीत तशीच बसून राहिली.

दुपारी जेवताना तिने सगळ्यांना सांगितलं. तिकडे नवा कायदा झाला होता. रोग्याच्या तोंडाचं चित्र ही रोग्याची खासगी माहिती, तेव्हा ते देशाबाहेर जाता कामा नये, हे एक. आणि ज्याने घडवलेला दात रोग्याच्या तोंडात बसणार, त्याच्याकडे त्या देशाचा परवाना पाहिजे, हे दुसरं. महिनाअखेरपासून लागू.

"म्हणजे आपला माल तिकडे बंद," मुलगा म्हणाला.

"माल कुठे आहे?" त्याची आई म्हणाली. "तुमचं तर सगळं हवेतून जातं. हवेला कोण अडवणार?"

"हवेलाच अडवलंय, आई. पेटी अडवायला निदान नाक्यावर माणूस उभा करावा लागतो. याला एक कागद पुरला."

मास्तर जेवत होते. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना थोडंसं बरंही वाटलं. हवेतलं हवेत गेलं, असं. मग त्यांनी सुनेच्या ताटाकडे पाहिलं. तिने घास मोडला होता आणि तो तसाच बोटांत होता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्या गल्लीत असे पाच कारखाने होते. पहिल्या नियमावर सगळ्यांनी मिळून तोड काढली. एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी ही माणसं मास्तरांच्या ओट्याभोवती जमली, वर्गणी काढली आणि तिकडच्या देशातच एक मोठा कॉम्प्युटर भाड्याने घेतला. आता चित्रं तिथेच राहणार, आणि इकडची माणसं इथे बसून तिथल्या कॉम्प्युटरवर काम करणार. माउस इथे हलवला की तिकडची दाढ श्वासभर थांबून मग वळायची, म्हाताऱ्या बैलासारखी. कामाला दुप्पट वेळ लागायचा. पण कायद्याला ते चाललं.

दुसऱ्या नियमाला तोड नव्हती. मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या इमारतीत दातांचंच काम करणारी एक बडी कंपनी होती; तिने सरळ तिकडेच कचेरी उघडली, तिथली परवानेवाली माणसं नेमली आणि पुढच्या कामाला लागली. गल्लीतल्यांना ते कुठून झेपणार? दोन कारखान्यांना कुलपं लागली. सुनेच्या हाताखालच्या पाचांतली तिघं गेली. त्यातली एक मुलगी दाढेच्या खाचा अशा काढायची की तिकडचे डॉक्टर तिचंच काम मागून घ्यायचे. ती आता एका दुकानात घड्याळं विकत होती.

अशातच तिकडच्या एका परवानेवाल्याचा निरोप आला. तुम्ही काम करा, सही मी करतो. बसल्या जागी त्याला हिस्सा द्यायचा, बाकी सगळं पहिल्यासारखं.

"बाकीचे दोघं तयार झालेत," मुलगा म्हणाला. "आपणही घेऊन टाकू. वाईट दिवस आहेत, तेवढे निघतील."

"दाढ माझी आणि नाव त्याचं?" सून म्हणाली.

"नाव काय चाटायचंय?"

"तो माणूस एकही दाढ उघडून बघणार नाही. कुणाच्या तोंडात काय चाललंय ते त्याला कळणार नाही, आणि सही त्याची. मग तो कायदा बरोबरच होता म्हणायचा. रोग्याला फसवणारेच निघालो आपण."

"रांधायचं आपण आणि वाढताना नाव शेजारणीचं," सासूबाई मध्येच म्हणाल्या. त्यांचा कौल कुणीकडे ते स्पष्ट होतं.

मुलाने बापाकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही तरी सांगा. तुम्ही जन्मभर डॉक्टरांच्या नावावरच दात दिलेत ना?"

मास्तरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "दिले. रोगी डॉक्टरांचे आभार मानायचा, मी इथे प्लास्टर खरवडत बसायचो. मला त्याचं कधी काही वाटलं नाही." त्यांनी पेला पुन्हा उचलला. "खोटं बोललो. वाटायचं."

त्यापुढे कुणी त्या सहीवाल्याचा विषय काढला नाही.

सुनेने परवान्याची चौकशी केली. बाहेरच्या देशातल्या माणसालाही परीक्षा देता येत होती, अनुभवाचे दाखले जोडले की झालं. मात्र परीक्षा द्यायला तिकडे जावं लागणार होतं. एक लेखी पेपर, एक कॉम्प्युटरवरचा. तिसऱ्या पेपराचं वाचून ती थबकली. परीक्षक सांगेल तो दात, त्याच्यासमोर बसून, हाताने, मेणात कोरून द्यायचा.

"हाताने?" मुलगा म्हणाला. "तिकडे तरी आता हाताने कोण कोरतंय? हा पेपर मुद्दाम ठेवलाय. तुझ्यासारख्यांना गाळायला."

"असेल," सून म्हणाली. "पण ठेवलाय खरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर एका म्हातारबुवांची कवळी घासत होते. सून स्टूल ओढून त्यांच्या समोर येऊन बसली. तिच्या हातात मेणाचा एक ठोकळा होता, मागच्या खोलीतून शोधून आणलेला.

"बाबा, मला शिकवाल?"

मास्तरांनी मान वर केली नाही. "तुझ्या पडद्यात नाही शिकवत?"

"नाही. तिथे चूक झाली की मागे जाता येतं. मेणात जात नाही, हे तुम्हीच मागे एकदा सासूबाईंना सांगत होतात."

मास्तरांनी कवळी बाजूला ठेवली. स्पिरिटचा दिवा पेटवला, सुरी हातात घेतली, आणि ठोकळ्याला लावली. तेव्हा सुनेला ते दिसलं. सुरीचं टोक थरथरत होतं. थोडंथोडकं नाही; मेणावर एका रेघेच्या जागी करवतीसारखी नक्षी उमटली. मास्तर गेली दोन वर्षं खोलीकडे पाठ करून का बसत होते, आणि नवी कवळी आली की "शेजारच्याकडे द्या, मला वेळ नाही" का म्हणत होते, ते तिला एका क्षणात कळलं.

मास्तरांनी सुरी खाली ठेवली. "हे आता असं आहे," ते म्हणाले. "हाताने दाखवता येणार नाही. आणि बोलून मी कधी कुणाला शिकवलेलं नाही."

"मग आपण दोघंही नवशिकेच," सून म्हणाली आणि सुरी तिने उचलली.

सुरुवातीचे दिवस दोघांचीही परीक्षा बघणारे होते. मास्तर म्हणायचे, "अगं, तसं नाही, असं." आणि असं म्हणजे कसं ते त्यांना सांगता यायचं नाही. आजवर ते शिकाऊ माणसाच्या हातातून सुरी घ्यायचे आणि करून दाखवायचे, झालं शिकवणं. आता त्यांना प्रत्येक गोष्टीला शब्द शोधावा लागत होता. सुरी किती तापवायची? "कानाच्या पाळीला लागली तर चटका बसेल पण ओरडावंसं वाटणार नाही, इतकी." मेण केव्हा कापायचं? "थंडीतल्या साबणासारखं झालं की." सुनेची सुरी मेणात खोल रुतायची आणि दाढेचा कोपराच उडून यायचा. तशा कोपरे उडालेल्या दाढांचा ओट्याखाली ढीग झाला. सासूबाई केर काढताना म्हणायच्या, "इतक्या दाढा तर राक्षसालाही नसतील."

मुलगा मेजापलीकडून बघायचा. गावातल्या डॉक्टरांचं उरलेलं थोडंफार काम त्याने आपल्या अंगावर ओढून घेतलं, म्हणजे तिला वेळ मिळावा.

एकदा खालची पहिली दाढ चालली होती. सगळ्यांत अवघड. पाच उंचवटे आणि मधून खाचा, जणू डोंगर आणि त्यातल्या वाटा. सुनेने चार उंचवटे काढले आणि पाचवा मास्तरांनी सांगितला त्यापेक्षा बुटका ठेवला.

"चुकलं," मास्तर म्हणाले.

"नाही चुकलं. एवढा उंच ठेवला तर चावताना वरची दाढ त्याला आपटेल."

"मी चाळीस वर्षं एवढाच ठेवलाय."

"आणि गिऱ्हाईक परत यायचं ना घासून घ्यायला?"

यायचं, हे खरं होतं. मास्तरांना वाटायचं, प्रत्येकाच्याच दाताचं तसं होतं.

सून उठली, त्यांना हाताला धरून पडद्यापाशी घेऊन गेली. एक जुनं काम उघडलं. ज्याचं तोंड होतं त्याचं नाव-गाव काही नव्हतं, नुसता जबडा. "हा माणूस बघा. उजवीकडच्या दाढा सपाट झाल्यात, डावीकडच्या नाहीत. हा झोपेत दात खातो, एकाच बाजूने. याला जर पुस्तकातली दाढ दिली तर ती वर्षभरात फुटेल. म्हणून हा उंचवटा मी दाबला, आणि ही खाच थोडी रुंद केली, म्हणजे वरच्या दाढेला घसरायला जागा राहील."

मास्तर वाकून बघत होते. पडद्यावर दाढ हळूहळू फिरत होती, आणि ते ज्या डोंगरवाटांना बोटांनी ओळखत होते त्या तिथे होत्या, एकही चुकलेली नव्हती. कुठल्या दूरच्या देशातला एक माणूस झोपेत दात खातो, हे या पोरीला इथे खुर्चीत बसून कळलं होतं. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं, बघणारही नव्हती, तरी त्याच्या झोपेची काळजी तिने घेतली होती. मास्तरांना आपले वडील आठवले. तेही असंच, माप हातात घेऊन म्हणायचे, हा माणूस पान चघळतो, हा रागीट आहे.

"हे चित्र नाही," मास्तर म्हणाले.

"मी कुठे म्हटलं होतं चित्र?" सून म्हणाली.

त्या दिवसापासून शिकवणी दोन्हीकडून चालू झाली. मेण कसं वागतं ते मास्तर सांगायचे, दाढ कशी वागते ते सून सांगायची. मास्तर न सांगता दुपारी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागले. पडद्यावरच्या दाढेला बोट लावून पडदा खराब करू नका म्हणून त्यांना दोनदा बजावावं लागलं.

परीक्षेला तिच्याबरोबर कोण जाणार, हा प्रश्न निघाला तेव्हा मुलाला कारखाना सोडून जाणं शक्य नव्हतं. मास्तर म्हणाले, "मी जातो. पोरगी एकटी परक्या देशात कशी जाईल?"

"ती तुम्हाला सांभाळणार की तुम्ही तिला?" बायको म्हणाली. पण त्यांचा कोट तिनेच ब्रशने झाडून ठेवला.

परीक्षेची इमारत साधीच होती. लांब कॉरिडॉर, भिंतीला लागून बाकं. मास्तर तिथे बसले. बरोबर इतर मुलामुलींच्या आया बसल्या होत्या, कुणी विणत, कुणी नखं खात. भाषा कळत नव्हती, पण चेहरे कळत होते. आधीचे दोन पेपर झाले होते. आज मेणाचा होता. दाराच्या काचेतून त्यांना सुनेची पाठ दिसत होती आणि उजवं कोपर. कोपर स्थिर होतं. मास्तर त्या कोपरावरून नजर काढत नव्हते. आपला हात मात्र त्यांनी कोटाच्या खिशात घालून ठेवला होता.

पेपर संपला. मुलं बाहेर आली, काही रडवेली. सून आली ती घामाघूम. "खालची पहिली दाढ," एवढंच म्हणाली. तिच्यामागोमाग परीक्षक बाहेर आला. मास्तरांच्याच वयाचा, जाडजूड, नखांत मेण. त्याच्या तळहातावर सुनेची दाढ होती. त्याने तिला काहीतरी विचारलं, तिने मास्तरांकडे बोट केलं.

"काय म्हणतोय?" मास्तरांनी विचारलं.

"विचारतायत, हे कुणाकडे शिकलीस. मी सांगितलं, माझ्या सासऱ्यांकडे."

परीक्षक मास्तरांच्या शेजारी बाकावर बसला. तो बोलत गेला आणि सून मधे उभी राहून सांगत गेली. त्याच्या कारखान्यात कधीकाळी वीस माणसं होती. बाहेरून तारेवरून काम यायला लागलं आणि आता तीन उरली. परीक्षेच्या समितीवर तो होता. मेणाचा पेपर काढून टाकायचा म्हणून तरुण मंडळी मागे लागली होती, त्याने काढू दिला नाही.

"त्याला विचार," मास्तर म्हणाले, "आम्हाला अडवायला ठेवला का?"

सून जरा चाचरली, पण तिने विचारलं. परीक्षकाने थोडा विचार केला.

"म्हणतायत, थोडा तुम्हाला अडवायला. आणि थोडा यासाठी, की आपल्यामागे हे कुणाला येणारच नाही, ही भीती वाटते म्हणून."

मास्तरांना माणूस आवडला. सरळ बोलला. त्याच्या वीसांतली सतरा माणसं घरी बसली होती, त्यांचीही पोरंबाळं असणार. कदाचित त्यांच्या हातचं काम मास्तरांच्याच गल्लीत आलं असेल. हा विचार मास्तरांनी आजवर केला नव्हता. त्यांनी खिशातला हात बाहेर काढला आणि परीक्षकापुढे धरला. हात थरथरत होता. परीक्षकाने तो पाहिला, आणि मग आपला उजवा हात वर केला. अंगठ्याजवळची दोन बोटं आखडलेली होती, सरळ होत नव्हती. दोघेही म्हातारे हसले. शेजारच्या आया विणायचं थांबवून बघत राहिल्या.

परीक्षकाने सुनेची दाढ पुन्हा उचलून पाचव्या उंचवट्यावर नख टेकवलं आणि काहीतरी बोलला.

"म्हणतायत, हा पुस्तकापेक्षा बुटका आहे. पुस्तकाप्रमाणे गुण कापले पाहिजेत."

"मग?"

"म्हणतायत, त्यांनी स्वतः जन्मभर उंच ठेवला आणि जन्मभर गिऱ्हाइकाचा घासून दिला. कापणार नाहीत."

मास्तरांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, चारचौघांत, परक्या देशात. त्यांनी आपल्या मुलाच्या डोक्यावरही असा कधी ठेवला नव्हता.

परवाना मिळाला. पण जत्रा उठून गेल्यावर दुकान मांडल्यासारखी गत होती. बऱ्याच डॉक्टरांनी दरम्यान काचेच्या इमारतीशी करार केले होते, काहींनी तिथल्याच कारागिरांना धरलं होतं. पहिली परतली ती मोकळ्या स्वभावाची डॉक्टरीणबाई. मग तिच्या ओळखीचे दोघं. काम पूर्वीच्या निम्म्यावर आलं आणि तिथेच अडकलं. घड्याळं विकणारी मुलगी मात्र पहिल्याच आठवड्यात परत आली, दुकानाचा गणवेश अंगावर असतानाच.

एका परवान्यावर एका माणसाचंच काम जाणार, हे तर होतंच. तेव्हा सुनेने गल्लीतल्या सगळ्या कारखान्यांना निरोप धाडला. ज्याला परीक्षेला बसायचंय त्याने सकाळी मेणाचा ठोकळा घेऊन यावं.

"अगं, हे उद्या आपलीच गिऱ्हाइकं नेतील," नवरा म्हणाला.

"नेऊ देत. गल्ली राहिली तर आपण राहू. एकाच घराने कुठे पेठ होते?"

रोज सकाळी खिडकीजवळचा ओटा भरू लागला. सून हाताने दाखवायची, मास्तर तोंडाने बोलायचे. आता त्यांना शब्द भराभर सुचायचे. थंडीतला साबण आणि कानाची पाळी तर गल्लीभर झाली होती. सहीवाल्याच्या नादी लागलेल्या दोघांतला एक कारखानदारही आपल्या पुतणीला घेऊन आला, आणि दारात जरा घुटमळला. मास्तर त्याला म्हणाले, "आत ये. दिवा पेटलेला आहे." पुढच्या खेपेला त्यातल्या तिघी परीक्षा पास झाल्या, दोघं नापास झाले आणि पुन्हा मेण घेऊन बसले.

पावसाळा सरता सरता डॉक्टरीणबाई एकदा पडद्यावर आली. सुनेच्या परवान्यावर गेलेली पहिली दाढ एका बसचालकाच्या तोंडात बसली होती. तो तपासणीला आला होता. तिने त्याला विचारलं, नवी दाढ कशी आहे? तर त्याने जिभेने सगळे दात चाचपले आणि म्हणाला, कुठली ती तुम्हीच सांगा, मला आता आठवत नाही.

सून हे सांगत होती तेव्हा मास्तर मागे उभे होते. ते आपल्या ओट्याकडे गेले. तिथे एक म्हातारबुवा कवळीच्या मापासाठी बसले होते. मास्तरांच्या सांगण्यावरून घड्याळवाल्या मुलीने नुकतंच त्यांच्या तोंडात माप घ्यायचा मसाला भरला होता. तो घट्ट होईपर्यंत म्हातारबुवांना तोंड हलवता येणार नव्हतं.

मास्तरांनी स्टूल जवळ ओढलं.

"आमच्या सूनबाईची गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला काही घाई नाही ना?"

म्हातारबुवांनी डोळ्यांनीच काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. मास्तरांनी ते होकार म्हणून घेतलं आणि सुरुवात केली.